एकट्या आईचा थकवा: येतो कुठून, उतरतो कसा

'स्वतःसाठी जरा वेळ काढत जा' असं एकट्या आईला सांगणाऱ्याने आधी तिचा दिवस घड्याळ लावून बघावा. पाचला उठणं, पाणी भरणं, डबे, मुलांच्या आंघोळी, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न, मग लोकल किंवा एसटी, आठ-नऊ तासांचं काम, येताना भाजी, पुन्हा स्वयंपाक, गृहपाठ, भांडी, उद्याचा गणवेश. यातून काढायचा तो वेळ कुठून? २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. एकट्या आईच्या घरात ती ८८ मिनिटंही तिच्याच खात्यात जमा होतात. मुलांना भरवणं, आजारपणात उशाशी बसणं हे या हिशेबात नाहीच, ते वेगळं मोजलं जातं.

म्हणून या लेखात फेशियल नाही, सुगंधी मेणबत्त्या नाहीत आणि पहाटे साडेचारला उठून ध्यान तर अजिबात नाही. इथे नियम एकच: दिवसात नवीन काम घालायचं नाही, असलेलं एखादं काढायचं किंवा हलकं करायचं. मात्र त्याआधी आपला थकवा कुठला आहे हे ओळखावं लागतं. रक्त कमी असलेल्या बाईला चार दिवस माहेरी झोपू दिलं तरी ती दमलेलीच उठते. आणि कोर्टाच्या तारखेची धास्ती घेतलेल्या बाईला लोहाच्या गोळीने झोप लागत नाही. औषध चुकलं की पैसे जातात, वर 'सगळं करून बघितलं, काही होत नाही' अशी हताशा येते.

एकटी आई म्हणजे फक्त विधवा किंवा घटस्फोटित नव्हे. नवरा सोडून गेलेली, लग्न न करता मूल वाढवणारी, आणि जिचा नवरा रेशनकार्डावर आहे पण घरात नाही, अशी प्रत्येक जण यात आली.

आधी रक्त

सुरुवात इथून करा, कारण हे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. थोडक्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीचं रक्त कमी. जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधड, केस गळणं, संध्याकाळी विनाकारण चिडचिड, माती किंवा खडू खावासा वाटणं ही त्याची लक्षणं. आपण मात्र त्याला 'काम जास्त झालं' असं नाव देऊन टाकतो.

रक्तात हिमोग्लोबिन असतं, ते फुप्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवतं, आणि ते तयार करायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी, स्नायूंना आणि मेंदूला प्राणवायू कमी, आणि हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त धावपळ. म्हणजे तुम्ही आळशी झालेल्या नसता, तुमचं शरीर तुटपुंज्या इंधनावर चाललेलं असतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र, तिथे वाट बघत बसायचं नसतं.

तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. (महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे थोडं शुल्क असू शकतं.) दिवसा सुट्टी मिळत नसेल तर 'आपला दवाखाना' नावाचा सरकारी दवाखाना कुठे जवळ आहे का बघा, तो संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असतो. तिशी ओलांडली असेल तर त्याच फेरीत रक्तदाब, साखर, आणि स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणीही मागून घ्या. सरकारी कार्यक्रमात ती तीस वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी आहे, पण आपणहून विचारल्याशिवाय ती होईलच असं नाही. एक सुट्टी टाकली तर चार कामं उरकावीत, एवढाच त्यामागचा हिशेब.

गोळ्या मिळाल्या तर त्या घ्यायची रीत महत्त्वाची. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेणं म्हणजे ती जवळजवळ वाया घालवणं: चहातले तुरट घटक आणि दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाहीत. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. शौचाला काळी होईल, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं, मळमळलं तर गोळी थांबवू नका, डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा गोळी बदलून देतात. 'बरं वाटायला लागलं' म्हणून महिन्यात बंद करणं ही सगळ्यात सर्रास होणारी गोष्ट. रक्ताचा आकडा नीट झाल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. आणि ही गोळी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. लाल, साखरेचं आवरण असलेली, गोळी-चॉकलेटसारखी दिसते, आणि लहान मुलाने मूठभर खाल्ली तर जिवावर बेतू शकतं.

आता खाणं. जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय असेल तर तेवढा चहा तासभर पुढे ढकला. याला एक रुपयाही लागत नाही. पोहे-उसळीवर लिंबू पिळा. कडधान्याला मोड आणले की लोहाला अडवणारे घटक कमी होतात, म्हणून मटकीची उसळ ही खरोखर शहाण्या माणसांनी शोधलेली वस्तू आहे. अळिवात लोह भरपूर असतं. नाचणीबद्दल मात्र थोडा गैरसमज दिसतो: तिची खरी श्रीमंती कॅल्शियमची, लोह बाजरीत जास्त. लोखंडी तवा-कढई असेल तर वापरा, आंबट पदार्थ त्यात शिजला की थोडं लोह पदार्थात उतरतं. गुळाच्या एका खड्याने मात्र रक्त वाढत नाही.

आणि आपल्या घरातला जुना रोग: सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाणं. मुलांचं ताट वाढताना आपलंही वाढून ठेवा, मग खायला उशीर झाला तरी चालेल. अंडं एकच असेल तर अर्धं तुमचं. तुम्ही आजारी पडलात तर मागे दुसरं कुणी नाही, त्यामुळे याला स्वार्थ म्हणण्यात अर्थ नाही.

पाळीत तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबत असेल तर कितीही गोळ्या खाल्ल्या तरी मूळ गळती चालूच राहणार; ते वेगळं दाखवा. हिमोग्लोबिन नीट असूनही अंगात त्राण नसेल तर थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा. शुद्ध शाकाहारी बायकांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, हातापायांना मुंग्या त्यानेही येतात. पॅडचा खर्च डोक्यावर असेल तर जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतं.

रात्रीचा तो एक तास

मुलं झोपली, ओटा आवरला, साडेदहा वाजले. अंग अंथरुणाला टेकलं पाहिजे हे कळतं, तरी हातात फोन येतो आणि बारा वाजतात. यावर 'मोबाईल कमी बघा' असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण दिवसभरात कुणी काही मागत नाही असा तो एकच तास असतो. ती गरज खरी आहे. फक्त तिची किंमत झोपेतून वळती होते आणि झोपेची उधारी रविवारी एकरकमी फिटत नाही. मोठ्या माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. ती रोज पाचवर आली की आधी जातो तो संयम, मग स्मरणशक्ती. मुलावर ओरडून नंतर स्वतः रडत बसणं, यातलं निम्मं अपुऱ्या झोपेचं असतं.

रोजची शिस्त झेपणार नाही, म्हणून आठवड्यातल्या दोनच रात्री ठरवा. त्या रात्री मुलांबरोबरच दिवा मालवायचा. भांडी तशीच राहिली तर राहिली, सकाळी त्यांना पाय फुटलेले नसतात. बाकीच्या रात्री तो एक तास खुशाल आपला ठेवा, फक्त फोन उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, आणि एकच खोली असेल तर निदान हात पुरणार नाही इतका लांब. दुपारनंतरचा चहा हे दुसरं कारण. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाच्या कडक चहाचा अर्धा अंमल अकरालाही असतोच. कामावर जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं डोळे मिटता आले तर मिटा. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं.

रात्रपाळी करणाऱ्या नर्स, कंपनीतल्या बायका यांना हे वेळापत्रक लागू नाही. त्यांनी दिवसा झोपायची खोली काळोखी करावी (जाड चादर खिडकीला अडकवली तरी पुरते) आणि शेजारणीला स्पष्ट सांगावं की अमुक वेळेत बेल वाजवू नका. 'दिवसा झोपते' हे बोलणं ऐकून घ्यावं लागेल. घ्यावं आणि झोपावं.

व्यायामाबद्दल फार बोलत नाही. बसून काम असेल तर एक थांबा आधी उतरून चाला. भाजीचा गाडा लावणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र 'रोज अर्धा तास चाला' असं सांगणं ही थट्टा आहे. तिने संध्याकाळी दहा मिनिटं पाय भिंतीला वर टेकवून पडावं.

डोक्यातली यादी

हात दमतात ते दिसतं. डोकं दमतं ते दिसत नाही. शुक्रवारी चित्रकलेची वही हवी, गॅस संपत आला, धाकट्याचा दात दुखतोय, घरमालकाला उद्या सांगायचंय, आज भाजी काय. यातलं एकेक काम पाच मिनिटांचं असतं, पण ते सगळं लक्षात ठेवणं हेच एक पूर्णवेळ काम आहे, आणि दोन माणसांच्या संसारात निदान तक्रार ऐकायला तरी कुणी असतं.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणूनच चालतात. पहिला: यादी डोक्यातून काढून भिंतीवर लावा. कॅलेंडर प्रत्येक घरात असतंच, त्यावरच लिहा, आणि वाचता येणाऱ्या मुलांना रोज ते वाचायला लावा. दुसरा: जेवणाचे वार बांधून टाका. सोमवारी उसळ, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी पिठलं, गुरुवारी खिचडी. मुलं कुरकुरतील, मग सवय होईल. रोजचा एक निर्णय कमी झाला. रविवारी भाजणी, मेतकूट, कणकेचा डबा, शेंगदाण्याचं कूट अशी तयारी करून ठेवणं बहुतेक जणी करतातच. त्यात भर म्हणून 'हात न चालण्याच्या दिवसा'चं जेवण आधीच ठरवून ठेवा. मेतकूट-भात-तूप आणि पापड. त्या दिवशी तेच, आणि त्याबद्दल मनाला टोचणी नाही.

तिसरा उपाय मुलांचा. सहा वर्षांचं पोर आपले कपडे घडी घालू शकतं, पाणी भरून ठेवू शकतं. दहा वर्षांचा मुलगा कुकर लावू शकतो, आणि मुलगा हे मी मुद्दाम म्हणते आहे. एकट्या आईच्या घरात थोरली मुलगी नकळत दुसरी आई होऊन बसते: धाकट्याला भरवते, आईचं दुःख ऐकते, स्वतःची सहल 'नको गं, पैसे लागतात' म्हणून टाळते. ती समंजस आहे असं आपण कौतुकाने सांगतो. काम सगळ्यांना वाटून द्यावं, काळजी मात्र वाटू नये. घरभाड्याचं काय होणार, ही तेरा वर्षांच्या मुलीशी बोलायची गोष्ट नव्हे. ती बोलायला मोठं माणूस लागतं.

माणसं

आणि ते माणूस मिळणं हाच खरा प्रश्न आहे. नवरा गेल्यावर किंवा वेगळं झाल्यावर बाई एकटी पडते ती फक्त घरात नाही. जोडप्यांची जेवणं बंद होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, किंवा येतं आणि दारातच घोटाळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. ठरावाने लगेच मनं बदलतात असं नाही. पण एकटेपण हा त्या बाईच्या स्वभावाचा दोष नसून आजूबाजूच्यांनी घडवलेली गोष्ट आहे, हे त्यातून चारचौघांत मान्य झालं.

मदत मागायची एक युक्ती आहे. लोक 'काही लागलं तर सांग हं' म्हणतात आणि आपण 'हो' म्हणून विसरतो, कारण त्या वाक्याला काही सांगताच येत नाही. त्याऐवजी छोटं, वेळेचं, संपणारं काम सांगा: 'वहिनी, गुरुवारी साडेपाचला सईला क्लासहून येताना घेऊन याल?' माणसांना नाही म्हणायला किंवा हो म्हणायला ते सोपं जातं. सासरशी संबंध तुटले असले तरी मुलांची आजी चांगली असेल तर तो धागा ठेवा. पण तिथून परत आल्यावर प्रत्येक वेळी दोन दिवस रडू येत असेल, तर ती मदत महाग पडते आहे.

त्याहून भक्कम म्हणजे बरोबरीची देवाणघेवाण. आपल्यासारखीच एक आई शोधा, शाळेच्या फाटकाशी ती नक्की भेटते. एका शनिवारी दुपारी तिची मुलं तुमच्याकडे, पुढच्या शनिवारी तुमची तिच्याकडे. पैसे नाहीत, उपकार नाहीत. मिळालेल्या तीन तासांत काय करायचं? काहीही नाही केलं तरी चालेल. घर आवरायला घेऊ नका मात्र, त्यासाठी ते तास मिळवलेले नाहीत. माहेर किंवा मैत्रीण दुसऱ्या गावी असेल तर मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढ्यासाठी तरी जाऊन या.

बचत गट असेल तर बैठक चुकवू नका, कर्ज नको असलं तरी. मराठवाड्यात एकल महिलांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या पेन्शनच्या फॉर्मसाठी आणि रेशनकार्डासाठी. पण तिथे जाणाऱ्या बायका टिकल्या त्याचं मोठं कारण, आपल्यासारखं दुसरं कुणी आहे हे दिसणं.

कागद

स्वतःची काळजी या विषयात तहसील कार्यालय कुठून आलं, असं वाटेल. पण रात्री दोन वाजता छातीवर बसतात ते विचार बहुतेक पैशाचे आणि कागदाचे असतात. प्राणायामाने ते तासभर हलतात. कागद पूर्ण झाला की कायमचे जातात.

एक फाइल करा. मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, आणि परिस्थितीप्रमाणे मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. त्याच फाइलचे फोटो फोनमध्ये. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण 'ताई, एक कागद कमी आहे' या वाक्यापायी वाया जाणारे दिवस वाचतात.

मग पुढच्या गोष्टी बघा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा आई-वडील विभक्त झालेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. ही योजना पुष्कळ जणींना माहीतच नसते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये आहेत, उत्पन्नाची अट मात्र कडक. लाडकी बहीण योजनेतही १,५०० आहेत, २१ ते ६५ वयासाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, पण दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढी रक्कम मिळत असेल तर दोन्ही एकदम मिळत नाहीत. नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईची सगळ्यात पंचाईत होते: हातात मृत्यूचा दाखला नाही की कोर्टाचा कागद नाही. तिने तलाठी आणि ग्रामसेवक किंवा वॉर्ड ऑफिसपासून सुरुवात करून परित्यक्ता असल्याचा दाखला आधी मिळवावा. त्यावर पुढचं बरंच काही अडतं.

पोटगीबद्दल. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेतलं कलम १२५ नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, हक्क तोच. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाला वडिलांकडून पोटगी मागता येते. अंतरिम पोटगीचा (म्हणजे निकाल लागेपर्यंत मिळणाऱ्या पोटगीचा) अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असं कायदा म्हणतो, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. व्यवहारात तारखा पडतातच, तेव्हा त्या पैशावर महिन्याचं गणित मांडू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. कोर्टात जायचंच नाही असं ठरवणंही काही वेळा शहाणपणाचं असतं. फक्त तो निर्णय थकून नव्हे, माहिती घेऊन झालेला असावा.

अर्जावरचा 'वडिलांचं नाव?' हा प्रश्न आता कुठे अडवू शकत नाही, हेही माहीत असू द्या. पासपोर्टच्या अर्जावर डिसेंबर २०१६ पासून एका पालकाचं नाव पुरतं. पॅनकार्डावर आई एकटी पालक असेल तर २०१८ पासून वडिलांचं नाव सक्तीचं नाही. हे सांगताना आवाज चढवायची गरज पडत नाही.

उरला 'मला काही झालं तर?' हा विचार. त्याचे तीन स्वस्त तुकडे पाडता येतात. बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो. पहिल्यात कुठल्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख, दुसऱ्यात अपघातासाठी तेवढेच. जीवन ज्योतीत पन्नाशीपर्यंतच नाव घालता येतं. दुसरं, सगळ्या खात्यांवर नॉमिनीचं नाव बदला, पुष्कळ खात्यांवर अजून जुन्या नवऱ्याचंच नाव असतं. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव घालावं लागतं. तिसरं, मृत्युपत्र. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, आपल्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होतं, नोंदणी सक्तीची नाही. मुलांना कुणी सांभाळावं याबद्दलची इच्छाही त्यात लिहिता येते, पण वडील हयात असतील तर कायद्यात गुंतागुंत आहे, तेवढं विधी सेवेतल्या वकिलाला विचारा. हे अशुभ वगैरे काही नाही. उलट त्या रात्री झोप बरी लागते.

थकवा नसून दुसरंच काही असेल तर

झोप झाली, रक्त ठीक, महिन्याची जुळणी लागली, तरी काहीच करावंसं वाटत नाही. आवडीची मालिका लावली तरी मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मूल गळ्यात पडलं तरी आत काही हलत नाही. असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त रोज चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्याला इलाज आहे. बाळंतपणानंतरच्या वर्षात आणि नवरा गेल्यानंतर किंवा वेगळं झाल्यानंतर त्याकडे जास्त लक्ष ठेवा.

दुःख आणि नैराश्य यांत फरक करायची एक ढोबळ खूण: दुःखात मधूनच हसू येतं, कुणी बरोबर बसलं की थोडं हलकं वाटतं. नैराश्यात सगळं सपाट होतं आणि आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत राहतं. 'मी नसते तर मुलांचं बरं झालं असतं' हा विचार एकदाही ठामपणे आला तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फोन समुपदेशक घेतात आणि गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात. कुठून सुरुवात करायची ते सुचत नसेल तर 'मी एकटी आई आहे आणि मला झेपत नाहीये' एवढं म्हटलं तरी पुढचं ते विचारतात. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो आणि औषधंही तिथेच मिळतात. गोळ्या सुरू झाल्या तर पहिले काही दिवस फरक जाणवत नाही, उलट पोट बिघडल्यासारखं किंवा झोप उडाल्यासारखं होऊ शकतं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्याच टप्प्यावर पुष्कळ जणी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. पुढच्या तारखेला मुलांना कुणाकडे ठेवायचं हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, कारण ती तारीख चुकते ती बहुतेक वेळा याच कारणाने.